सातासमुद्रापारचे कान

ऑफिसात माझं टोपणनाव 'नियमावली'. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मी चहाच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं आणि कुणीतरी धुतलेलाच कप पुन्हा विसळायला लागतं, त्यावरून मला कळतं. माझी काही हरकत नाही. लोक जिथे आपली दुखणी ठेवायला येतात तिथे एक तरी माणूस खडूस लागतोच, आणि त्या खडूसपणाचा मला पगार मिळतो.

आमची संस्था म्हणजे मदतवाहिनी. घरात मार खाणाऱ्या, धमकीखाली जगणाऱ्या बायका आम्हाला फोन करतात. समुपदेशक ऐकतात, वाट सुचवतात. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. ते रेकॉर्डिंग कुठे ठेवलंय, कुणाच्या हाती जातंय, कायद्याला धरून जातंय की नाही, हे बघायचं माझं काम.

संस्था चालवतात त्या ताई. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण ताई. सगळ्या जगाच्याच ताई. भाषण करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते पाणी खरं असतं, हे मी शपथेवर सांगेन. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं हो. चांगलं माणूस आपल्या चांगुलपणाच्या जोरावर दुसऱ्याचा जीव टांगणीला लावतं, तेव्हा तो राग ठेवायचा कुठे, हे मला या वयातही कळलेलं नाही.

गेल्या वर्षी देणगीदारांनी टूम काढली. सगळे फोन लेखी हवेत, म्हणजे कुठला सल्ला लागू पडतो याचा अभ्यास करता येईल. इथे टाइप करून घ्यायचं तर महाग. दुसऱ्या देशातली एक कंपनी निम्म्या दरात करून देते म्हणाली. ताईंचा चेहरा उजळला. मी मात्र प्रश्न लिहून दिले. त्या देशातला कायदा काय म्हणतो? करारात काय आहे? कंपनी हे काम पुढे कुणाला वाटते? प्रत्यक्ष टाइप करायला बसणार कोण? आणि सगळ्यात आधी, जिचं बोलणं आहे तिला विचारलंय का, की बाई गं, तुझं बोलणं अमुक देशात पाठवू का?

"अहो बाई," ताई मला म्हणाल्या, "रडत रडत फोन करणाऱ्या बाईला काय मी आधी देशांची नावं वाचून दाखवू?"

"नका दाखवू. मग पाठवूही नका."

त्यावर त्यांनी बाहेरचा वकील गाठला. हा उंटावरचा शहाणा कधी आमच्या फोनच्या खोलीत पाऊल टाकून गेला नाही, पण मत द्यायला एका पायावर तयार. त्याचं म्हणणं असं, की नाव, गाव आणि फोन नंबर आला की रेकॉर्डिंगमध्ये त्यावर शिट्टी वाजवून ते झाकायचं. मग ते बोलणं कुणा एकीचं राहत नाही. जे कुणाचंच नाही त्याला परवानगी कुणाची घ्यायची? मी म्हटलं, आवाजाचं काय? तो हसला. "बाई, आवाज इथे कुणी ओळखला असता. तिथे हजारो मैलांवर कोण परका माणूस ओळखणार आहे?" संचालक मंडळानं माना डोलावल्या आणि इतिवृत्तात लिहिलं, शंका नोंदवून घेतली. माझ्या शंका तिथे नोंदवल्या जातात आणि नोंदीतच मरतात.

मला भीती होती ती चोराची. फार तर तिथल्या सरकारची. घडलं ते याहून कितीतरी साधं होतं.

त्या दिवशी सकाळी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. मावशी म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या समुपदेशक. आग लागली तरी खुर्ची सोडणार नाहीत अशी ख्याती. हेडफोन गळ्यात लोंबत होता.

"बाई, परदेशातून फोन आहे. साहेबांना द्या म्हणते. आता साहेब मी कुठून आणू? तुम्हीच घ्या."

मी फोन घेतला. पलीकडे एक बाई होती, आवाजावरून तिशीची, रडून घसा बसलेली.

"मी तुमचे फोन टाइप करते," ती म्हणाली. "घरी बसून. पोरं शाळेत गेली की. इथे आपल्या भाषेच्या आम्ही बऱ्याच जणी करतो हे काम. मिनिटावर दर मिळतो."

पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं, आणि इतके दिवस हे कुणालाच कसं कळलं नाही याचा भयंकर संताप आला. आपल्या भाषेतलं बोलणं टाइप करायला आपल्याच भाषेचं माणूस लागणार ना! परका माणूस काय कप्पाळ टाइप करणार? सातासमुद्रापार पाठवलं म्हणजे परक्यांत गेलं, असं आमच्या शहाण्यांनी धरून चाललं. ते जाऊन पडलं पुन्हा आपल्याच माणसांत. तेवढ्या लांब जाऊन राहिलेली माणसं, त्यांचं माहेर-सासर सगळं इथेच.

"काल टाइप करायला आलेला फोन माझ्या वहिनीचा होता," ती म्हणाली. "पहिल्या खोकल्याला ओळखलं मी तिला. माझ्या लग्नाआधी चार वर्षं एका घरात राहिलोय आम्ही. आम्हाला सांगितलं होतं की ती कुणाचा तरी हात धरून पळून गेली. आणि इथे ती सांगतेय की माझ्या भावानं तिला..." ती थांबली. "मी सगळं टाइप केलं. अर्धवट टाकलं तर पैसे कापतात."

"मग? मग काय केलंत?"

"आईला फोन लावला! राग आवरेना मला. म्हटलं, तुझ्या लाडक्यानं काय केलंय ते ऐक. आई म्हणाली, खोटारडी आहे ती, कुठेतरी मजा मारत असेल. मी म्हटलं, मजा? अगं, पाण्याच्या टाकीसमोरच्या गणवेशाच्या कारखान्यात मशीन मारतेय ती दिवसभर. पोरीला तिथल्याच शाळेत घातलंय. याला मजा म्हणतेस?" तिनं नाक ओढलं. "भांडणाच्या भरात बोलून गेले हो. बोलून झाल्यावर कळलं, काय बोलले ते."

"आईंनी भावाला सांगितलं?"

"लगेच. शहर आम्हाला ठाऊक होतंच. एवढ्या मोठ्या शहरात शोधू कुठे, म्हणून तो गप्प बसला होता. काल रात्रीच्या गाडीनं निघाला. मी आईला म्हटलं, थांबव त्याला. तर म्हणते, नवराच आहे, घरी घेऊन येईल." तिचा आवाज चढला. "माझ्याकडे वहिनीचा नंबर नाही. तुम्ही तिथे शिट्टी वाजवलीय. नावावर शिट्टी, नंबरावर शिट्टी. टाकीवर का नाही वाजवलीत? कारखान्यावर का नाही? माझ्या माहेरचं पाप तुम्ही मलाच मिनिटाच्या दरानं टाइप करायला दिलंत. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

वाटायला हवी होती. पण ज्यांना वाटायला हवी होती त्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता, म्हणून ते बोलणं मी ऐकून घेतलं. तिच्याकडून वहिनीचं नाव घेतलं, भावाचं वर्णन घेतलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "वहिनीला सांगा, मी मुद्दाम नाही केलं." मी सांगेन म्हटलं.

मावशी शेजारीच उभ्या होत्या. मी कागदावर टिपलेलं 'टाकी, कारखाना, मशीन' त्यांनी वाचलं होतं, त्यांना सगळं सांगावं लागलं नाही. "मशीनवाली," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत फोन करते ती. सुट्टी संपता संपता मागे मशीनचा आवाज सुरू होतो, म्हणून मी तिला मशीनवाली म्हणते. आठ महिने झाले, आत्ता कुठे हसायला लागली होती."

आमच्याकडे एक नियम आहे, तो मीही आजवर मोडलेला नाही. आपण होऊन कुठल्याही बाईला उलट फोन करायचा नाही. न जाणो, तो फोन कुणाच्या हातात असेल. मी मावशींना म्हटलं, लावा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि लावला. फोन बंद. कामावर असताना पोरींचे फोन मुकादम बाई कपाटात ठेवून घेते, हे मावशींना ठाऊक होतं.

मी ताईंच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताईंचा रंग उडाला, हेही मी खरं तेच सांगते. पण त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा:

"किती जणांना माहीत आहे हे?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "एका नणंदेला, एका सासूला आणि गाडीत बसलेल्या नवऱ्याला," मी म्हटलं. "जिचं आहे तिला तेवढं माहीत नाही."

त्यांनी वकिलाला फोन लावला, मला ऐकू येईल असा. वकील म्हणाला, तांत्रिकदृष्ट्या याला गळती म्हणता येणार नाही. टाइप करणारीनं गुप्ततेच्या करारावर सही केलेली आहे, दोष तिचा. माहिती संरक्षणाच्या सरकारी प्राधिकरणाला कळवायला कायद्यानं तीन दिवस दिलेत, घाईत काही लिहून देऊ नका. मी संध्याकाळपर्यंत मत पाठवतो. तोवर संबंधित बाईशी कुणी बोलू नये.

"संध्याकाळपर्यंत तो तिच्या दारात असेल," मी म्हटलं.

"बाई, जरा शांत व्हा." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काय तिची काळजी नाही? पण उद्या आपलं नाव खराब झालं, तर त्या हजारो बायकांनी फोन कुणाला करायचा? परवा देणगीदार येतायत. सगळी संस्था बुडवायची का एका चुकीपायी?"

त्या प्रश्नात तथ्य होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. "हजारोंचं परवा बघू," मी म्हटलं. "या एकीनं आज कुणाला फोन करायचा ते सांगा. ते तीन दिवस सरकारला कळवायला दिलेत, ताई. जिच्या जिवाला धोका आहे तिला लगेच कळवायचं, असं पुढच्याच पानावर लिहिलंय. वकिलांनी पान उलटलं नसेल."

मी बाहेर पडले. मावशी आपली पिशवी घेऊन जिन्याशी उभ्याच होत्या. त्यांची पाळी संपायला वेळ होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्ची रिकामी टाकून निघाल्या.

टॅक्सीत बसल्या बसल्या मी फोनवरूनच प्राधिकरणाला कळवून टाकलं. काय गेलं, कुठल्या देशात गेलं, कुणाच्या संमतीशिवाय गेलं आणि त्यातून काय झालं. कायद्यानं ते काम माझ्या पदावर टाकलंय, ताईंच्या नाही. त्यासाठी मला कुणाला विचारावं लागत नाही. दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या.

पाण्याची टाकी लांबूनच दिसली. तीच तर अडचण होती, ती कुणालाही लांबून दिसते. समोर पत्र्याची लांबलचक शेड, फाटकाशी स्टुलावर पहारेकरी.

"आज काय सगळ्यांना इथेच यायचंय," तो म्हणाला. "सकाळी पण एक जण आला होता. बायको इथे कामाला आहे म्हणे. नाव सांगितलं त्या नावाची इथे कुणी नाही. मग फोटो दाखवायला लागला. मी म्हटलं, मी बायकांची तोंडं बघायला बसलोय का? जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर येतात, तेव्हा या नि शोधा."

जेवणाची सुट्टी व्हायला फार वेळ नव्हता. मावशींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आत गेलो आणि मला भलताच घोर पडला. ओळी धरून मशीन मांडलेल्या, एका ओळीत कॉलर, एका ओळीत बाह्या, जिकडे तिकडे निळ्या कापडाचे ढीग, आणि त्यामागे खाली माना घातलेल्या पन्नासेक बायका. नणंदेनं सांगितलेल्या नावाचा इथे उपयोग नव्हता, ती दुसऱ्याच नावानं कामाला लागली होती. ते खरं नाव मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती. आणि आम्ही दोघींनी तिला जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

मुकादम बाई कमरेवर हात ठेवून समोर आली. "काय पाहिजे?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढे झाल्या. मशीनच्या गोंगाटावर आवाज चढवून म्हणाल्या, "शाळेतून आलोय हो आम्ही! गणवेश हवेत. जरा कापड बघू द्या की. घाई नाही, सावकाश दाखवा, मी ऐकतेय." शेवटचे दोन शब्द त्यांनी अगदी फोनवर म्हणतात तसे म्हटले. मी ऐकतेय.

तिसऱ्या ओळीतलं एक मशीन थांबलं.

ज्या बाईनं मान वर केली ती माझ्या मनातल्या बाईसारखी अजिबात नव्हती. माझ्या मनात कुणीतरी काटकुळी, भेदरलेली होती. ही चांगली उंचनिंच, खांद्यानं रुंद, केसांत निळे धागे अडकलेले. मावशींकडे तिनं नुसतं बघितलं. तिचे ओठ हलले, "मावशी?"

हजारो मैलांवर आवाज कोण ओळखणार, म्हणे. त्या वकिलाला मानगुटीला धरून तिथे उभा करावा असं मला वाटलं.

इस्त्रीच्या खोलीत आम्ही तिला सांगितलं. म्हणजे मीच सांगितलं, मावशींच्याने बोलवेना. मी काही लपवलं नाही. तुमचे फोन रेकॉर्ड होत होते. ते टाइप करायला परदेशात पाठवले. तिथे ते तुमच्या नणंदेच्या हाती पडले. तिनं रागाच्या भरात आईला सांगितलं. तुमचा नवरा सकाळी फाटकापर्यंत येऊन गेलाय. नणंदेनं सांगितलंय, तिनं मुद्दाम केलं नाही.

तिनं सगळं ऐकलं. बोटावरचं शिवणाचं अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मग मावशींना म्हणाली, "तुम्ही मला म्हणाला होतात, इथलं बोलणं इथेच राहतं."

"मला तसंच सांगायला शिकवलंय गं," मावशी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

"बायकांसाठी एक निवारा आहे," मी म्हटलं. "मी बोलून ठेवते. आत्ता निघायला हवं."

"आधी पोरगी," ती म्हणाली.

तेवढ्यात मुकादम बाई आत आली, कॉलरचा ढीग तसाच पडलाय म्हणून तोंडाचा पट्टा सोडायच्या तयारीत. मग तिनं आमची तोंडं बघितली. एक शब्द न विचारता कपाटातून फोन काढून तिच्या हातात दिला आणि मागचं शटर स्वतः वर ढकललं. "पुढच्या महिन्यापासून ही ओळ तुझ्याकडे देणार होते मी," एवढंच तिला म्हणाली. तिला ते आधी ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आठ महिन्यांत उभं केलेलं घर, नोकरी, शाळा, सगळं त्या शटरखालून वाकून बाहेर पडताना मागे राहिलं.

टॅक्सी मागच्या गल्लीत घेतली. शाळा दोन वळणांवर. ती एकटीच आत गेली, आम्ही रस्त्यावर नजर ठेवून बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे मी अशी बघत होते की एक जण घाबरून पलीकडे गेला. पाच मिनिटांत ती पोरीला घेऊन आली. सात-आठ वर्षांची पोर, हाताला रंग लागलेला, चित्र अर्धवट राहिलं म्हणून फुरंगटलेली. तिला मध्ये बसवलं आणि टॅक्सी निघाली.

आणि तेव्हा ताईंचा फोन आला. बैल गेला अन् झोपा केला, यालाच म्हणतात.

"बाई, तुम्ही प्राधिकरणाला कळवलंत? मला न विचारता?"

"हो."

मग सूर बदलला. "बरं, झालं ते झालं. त्या बाई सुखरूप आहेत ना? देवाची कृपा. ऐका, वकील म्हणतायत की त्यांनी आता जरी सांगितलं, की माझं बोलणं परदेशात पाठवायला माझी हरकत नव्हती, तरी आपण बऱ्यापैकी वाचतो. त्यांनाही नंतर आपलीच मदत लागणार आहे. मी बोलू का त्यांच्याशी? मी नीट समजावून सांगते."

मला नकार द्यायचा होता. चांगला खणखणीत नकार जिभेवर आलाही होता. पण फोन स्पीकरवर होता आणि ती माझ्याकडे बघत होती. आजवर तिच्या वतीनं सगळ्यांनी उत्तरं दिली होती, ताईंनी, वकिलानं, मंडळानं. मी फोन तिच्यापुढे धरला.

"बोला," ती म्हणाली.

ताई बोलल्या. फार गोड बोलल्या. आम्हाला किती वाईट वाटतंय, संस्थेनं आजवर किती जणींना उभं केलंय, हे काम चालू राहणं किती गरजेचं आहे. तिनं मध्ये तोडलं नाही. शेवटी ताई म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, हा निव्वळ योगायोग हो. एवढं मोठं जग. तुमच्या नणंदबाई नेमक्या त्याच देशात असतील, हे आम्हाला कसं माहीत असणार?"

"तुम्हाला नव्हतंच माहीत," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

तिनं माझ्या हातातला फोन स्वतःच्या हातात घेतला.

"तुम्ही एकदा नुसतं देशाचं नाव घेतलं असतं ना, ताई, तर मी एका दमात म्हटलं असतं, तिथे नको, तिथे आमच्या वन्सं असतात. रडत असते तरी म्हटलं असतं. मार खाऊन आले असते तरी म्हटलं असतं. तेवढं कळतं मला. मला विचारलं का नाहीत?"

ताईंना भाषण कधी कमी पडत नाही. त्या दिवशी पडलं. तिनं स्वतःच बोट लावून फोन बंद केला.

टॅक्सीवाल्यानं आरशातून बघत विचारलं, "आता कुठे?"

मी निवाऱ्याचा पत्ता सांगायला तोंड उघडलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. रागानं नाही, अगदी हलक्या हातानं.

"तो पत्ता तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल ना?" तिनं विचारलं. "मी तिथे गेले, की माझंही नाव त्यात चढेल."

मला खोटं बोलता आलं नाही. "हो," मी म्हटलं.

"मग तुम्ही दोघी इथेच उतरा."

मावशी म्हणाल्या, "अगं, पण तू एकटी कुठे जाणार?" आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की आपण काय विचारलं. त्यांनी पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि दार उघडलं. मी दुसऱ्या बाजूनं उतरले. तिनं खिडकीची काच वर घेतली, पुढे वाकून टॅक्सीवाल्याला काहीतरी सांगितलं, आणि टॅक्सी गेली. कुठे गेली ते मला माहीत नाही. मी कुणालाही विचारलेलं नाही.